पाणदरवाज्याची हाक

भद्रनेरच्या तटबंदीला जेवढे दरवाजे आहेत, त्या सगळ्यांना अजून दारं आहेत. सागवानी, जाडजूड, हत्तीने धडक देऊ नये म्हणून पुढे लोखंडी सुळे ठोकलेली. आता ती रात्रंदिवस उघडीच असतात आणि त्यांच्या सावलीला पेरूवाले बसतात, पण दारं आहेत. नदीकडच्या पाणदरवाज्याला मात्र दार नाही. कमान शाबूत आहे, उंबऱ्याचा दगड शाबूत आहे, दार ज्यांत फिरायचं त्या दगडी खोबणीही तशाच आहेत. मधे नुसती मोकळी जागा आणि तिच्यातून दिसणारी खालची नदी. या दरवाज्याच्या आत एक आळी आहे, तिला पाणआळी म्हणतात.

नाशिकचे पिंगळे कुटुंब शनिवार-रविवार जोडून भद्रनेर पाहायला आले होते. सकाळी भुईकोट झाला, मग बारादरी झाली, जेवणानंतर जुना हमामखाना झाला. मुलगा केदार मोबाइलमध्ये बघून पुढचं ठिकाण सांगायचा आणि सगळे त्याच्यामागे निघायचे. दुपार कलली तेव्हा पाणदरवाज्याशी पोचेपर्यंत त्याच्या आईचे, कुमुदिनीबाईंचे, पाय भरून आले होते. केदार, त्याची बायको मानसी आणि दहा वर्षांची रेवा फोटो काढायला कमानीबाहेर गेले. कुमुदिनीबाई आणि त्यांचे यजमान जनार्दनराव आळीतल्या पहिल्याच घराच्या ओट्यावर टेकले.

ओट्यावर एक म्हातारी शेंगा निवडत बसली होती. नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू, ऐंशीच्या घरातलं वय. तिने या दोघांकडे पाहिलं, शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि आत तोंड करून खणखणीत आवाजात हाक मारली, "निवृत्ती! ए निवृत्ती! पावणे आलेत, पाणी आण."

"आलो, आलो," आतून आवाज आला आणि काठी टेकत एक म्हातारा तांब्या-पेला घेऊन बाहेर आला. धोतर, डोक्यावर पांढरी टोपी, म्हातारीहूनही थकलेला.

कुमुदिनीबाईंना वाटलं, दीर असेल किंवा भाऊ. सहज बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, "हे तुमचे भाऊ का?"

"भाऊ कशाचा! नवरा हाये माझा," म्हातारी म्हणाली. तिचं नाव द्वारकाबाई.

कुमुदिनीबाईंच्या हातातला पेला तोंडाशी जाता जाता थांबला. जनार्दनरावांशी संसार करून त्यांना चव्वेचाळीस वर्षं झाली होती आणि त्यांनी नवऱ्याला 'अहो' सोडून दुसरी हाक मारलेली नव्हती. बँकेत, दवाखान्यात कोणी यजमानांचं नाव विचारलं तर त्या शेजारी पाहायच्या. सुनेने केदारला नावाने हाक मारणं त्यांनी पचवलं होतं, तो जमानाच तसा होता. पण नऊवारीतली ही बाई आपल्या पिकल्या नवऱ्याला 'ए' म्हणून बोलावते आणि तो लगबगीने पाणी घेऊन येतो, हे काही त्यांच्या गळी उतरेना.

जनार्दनराव मात्र हसले. "वा, निवृत्तीबुवा, तुमच्याकडे उलटंच राज्य दिसतंय!"

म्हातारा हसला नाही. शेजारच्या पायरीवर बसत तो म्हणाला, "आमच्या आळीत असंच असतंय. दरवाजाचं दार गेलं तवापासून." आणि बायकोकडे बघून म्हणाला, "सांग त्यांना. न्हाईतर वाटंल, बायका उद्धट हायेत हितल्या."

एवढ्यात केदार-मानसी परतले, रेवा आजीला चिकटून बसली, आणि द्वारकाबाईंनी सांगायला सुरुवात केली. त्यांनी ते पुष्कळदा सांगितलेलं असावं. आवाज चढला नाही की उतरला नाही.

फार जुनी गोष्ट, म्हणे. शहराला वेढा पडला होता. परमुलखातली मोठी फौज नदीपलीकडच्या टेकाडामागे उतरली होती. हल्ला करायची नाही, नुसती बसून राहायची. शहरातल्या विहिरी आटत आटत खाऱ्या झाल्या. मग पाणआळीतल्या बायका रोज पहाटे पाणदरवाज्यातून नदीला जाऊ लागल्या. दरवाज्यापासून नदीपर्यंत उताराची अरुंद वाट होती, दोन्ही बाजूंना दोन पुरुष उंचीच्या भिंती. चढून जाण्याजोगी जागा कुठेच नाही. शत्रू आलाच तर त्या बोळात कोंडून मरावा, म्हणून ती तशी बांधलेली.

दरवाज्याचा राखणदार सुभानजी. त्याच्या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ती राखण होती. शब्दाला पक्का, रागीट नाही, दारूला कधी शिवलेला नाही, असं सांगतात. वेढा पडला त्याच महिन्यात शेजारच्या गावाची बातमी आली होती. तिथे शत्रूची माणसं लुगडी नेसून, डोक्यावर घागरी घेऊन, बायकी आवाजात हाका मारत दरवाज्याशी आली. राखणदाराने दार उघडलं. संध्याकाळपर्यंत त्या गावात रडायलाही कोणी उरलं नाही. ती बातमी ऐकून सुभानजी देवीच्या देवळात गेला आणि सगळ्या शहरासमोर त्याने शपथ घेतली, की पटल्यावाचून दार उघडणार नाही. पुढे माझा बाप उभा असला तरी नाही.

"वाईट काय केलं त्यानं?" द्वारकाबाई म्हणाल्या. "अशीच शपथ घ्यायला पायजे राखणदारानं."

त्याने दाराची टेहळणीची भोकंसुद्धा दगडमातीने लिंपून टाकली, कारण त्यांतून बाण यायचे. तेव्हापासून बायका परतल्या की आवाजावरच दार उघडायचं. आधी घागरींची किणकिण ऐकू यायची, मग कोणीतरी म्हणायचं, "पाणी आलं, अडसर काढा." रोजचं ठरलेलं.

सुभानजीची बायको गुणाबाई. या बायकांची पुढारी तीच. पहाटे सगळ्यांना उठवायची, शेवटची बाई आत आल्यावर स्वतः आत यायची. ती गोरीगोमटी नव्हती, पण उखाणे तिच्यासारखे कोणी घेत नसे. नवऱ्याचं नाव ती उखाण्यात गुंफूनच घ्यायची, आणि तेही सणासुदीला, चार बायकांनी अडवलं तर. एरवी नाव म्हणून नाही. सुभानजीला त्याचा अभिमान होता. चौकीवरच्या माणसांना तो सांगायचा, माझं नाव तिच्या तोंडून सुटं कधी पडायचं नाही.

आश्विन लागला होता. भद्रनेरवर आभाळ निरभ्र होतं, पण वर घाटात रात्रभर पाऊस कोसळला होता, आणि त्याची इथे कोणाला कल्पना नव्हती. पहाटे नदीवर दाट धुकं. बायका घागरी भरत होत्या तेव्हा गुणाबाईच्या पायाला पाणी गढूळ लागलं. मग काटक्या आल्या. मग एक अख्खं बाभळीचं झाड मुळांसकट वाहत आलं. आणि लांबून गडगडाट ऐकू आला.

"घागरी टाका!" गुणाबाई ओरडली, म्हणे. "टाका अन् पळा!"

त्या वीसेक बायका त्या बोळातून वर पळाल्या. मागे पाण्याचा लोंढा.

दाराच्या आत सुभानजी आणि आळीतले पुरुष उभे होते. गडगडाट त्यांनीही ऐकला. वेढ्यात बसलेल्या माणसाला गडगडाट कशाचा वाटणार? घोड्यांच्या टापांचा. तटावरच्या पहारेकऱ्यांना धुक्यात काही दिसेना. ते वरून ओरडले, "फौज आली! घोडदळ आलं!" आणि त्याच वेळी दारावर थापा पडू लागल्या. किणकिण नाही, घागरीचा आवाज नाही. नुसत्या थापा आणि किंचाळ्या.

"पाणी आलं! अडसर काढा! पाणी आलं!"

मानसीने एकदम तोंडावर हात ठेवला. रोज म्हणायचे तेच शब्द, अक्षर न् अक्षर तेच.

"कोण?" सुभानजीने आतून विचारलं.

"आम्ही! आम्हीच!"

"आम्ही कोण? नावं सांगा."

त्यांनी नावं सांगितली. एकीने सांगितलं, मग दुसरीने, मग सगळ्याच एकदम सांगू लागल्या. आतल्या पुरुषांनी आपापल्या बायकांची नावं ऐकली आणि सुभानजीकडे पाहिलं. तो म्हणाला, नावं काय, कोणीही माहीत करून ठेवील. शेजारच्या गावात पण नावंच सांगितली होती. घागरी कुठे आहेत? घागरी टाकून आपल्या बायका येतील का?

मग गुणाबाईचा आवाज आला. ओरडून ओरडून घसा फाटलेला, थापांच्या धडधडाटात तुटणारा. "मी हाये, मी! गुणा!"

सुभानजीचा हात अडसरावर गेला. गेला आणि थांबला. शपथ होती. तो म्हणाला, "गुणा असशील तर नाव घे."

म्हणजे उखाणा घे. तिचे उखाणे त्याला पाठ होते. दुसऱ्या कोणाला ते घेता आले नसते. एकच ओळ कानावर आली असती तरी त्याने अडसर फेकून दिला असता.

निवृत्तीबुवा खाली बघत होते.

"पाणी मागनं चढत आलेलं," द्वारकाबाई म्हणाल्या. "माणसाला तवा उखाणा सुचतोय व्हय? तिनं जे तोंडात आलं ते म्हटलं. सुभानजी! म्हणाली. सुभानजी, दार उघड! सुभानजी!"



"मग?" रेवाने विचारलं.

मग सुभानजीने अडसरावरचा हात काढून घेतला. तो मागे सरला आणि पुरुषांना म्हणाला, "पटलं. ही माझी बायको नव्हे. गुणा माझं नाव असं घेणार नाही. जीव गेला तरी नाही." असं सांगतात, की तो तेव्हा हसलासुद्धा. मोठा घात टळला म्हणून माणूस हसतो तसा. आणि बाकीच्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

"नाही," कुमुदिनीबाईंच्या तोंडून निघालं. "नाही हो." आपण बोललो हेही त्यांना कळलं नाही. परक्या गावच्या, कुठल्या काळातल्या कोणा बाईसाठी आपला जीव असा तुटावा, याचं त्यांना नवल वाटत होतं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. जनार्दनरावांच्या चेहऱ्यावरचं मघाचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

थापा थोडा वेळ चालल्या. मग एकदम सगळ्या थांबल्या. आतल्यांना वाटलं, डाव फसला, शत्रू मागे फिरला. कोणीतरी देवीच्या नावाने गर्जना केली. आणि त्या गर्जनेतच दाराखालच्या फटीतून पाणी आत आलं. लाल, गढूळ. पायाला लागलं तसे सगळे खाली बघू लागले. त्या पाण्यावर तरंगत एक चुंबळ आत आली. डोक्यावर घागरीखाली ठेवतात ती कापडाची गुंडाळी. तिला सुभानजीच्याच जुन्या मुंडाशाचं कापड होतं. ती गुंडाळताना त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिली होती.

असं सांगतात, की त्याने एकट्याने अडसर उपसला. चार माणसांचा अडसर. पण आता दारामागे पाणी होतं. दार उघडताच लोंढा त्या सगळ्यांना आळीत फेकून गेला. पाणी ओसरायला दुपार झाली. बायका त्या बोळातच सापडल्या, बहुतेक दाराजवळ. गुणाबाई सगळ्यांत पुढे होती.

पाणी ओसरल्यावर पहारेकरी टेकाडामागे पाहून आले. तिथे फौज नव्हती. चुली विझलेल्या, खुंट उपटलेले. शत्रू आदल्या दिवशीच वेढा उठवून निघून गेला होता. त्या पहाटे दारापलीकडे शत्रू नव्हताच.

"अरे देवा," केदार पुटपुटला. एवढा वेळ हातात धरलेला मोबाइल त्याने खिशात टाकला.

किल्लेदाराने सुभानजीला शिक्षा केली नाही. उलट दरबारात बोलावलं. शपथेला जागला, घरचं माणूस समोर असतानाही डळमळला नाही, म्हणून त्याच्या हातात चांदीचं कडं घातलं. सुभानजी ते कडं घेऊन घरी आला आणि आईच्या पुढे ठेवून म्हणाला, "आई, मला कोणीतरी मार गं." आईने त्याला मारलं नाही. आळीतल्या कोणीच त्याला बोल लावला नाही. कसे लावणार? प्रत्येक पुरुष तिथे आत उभा होता. प्रत्येकाने आपल्या बायकोचं नाव ऐकलं होतं, आणि एकानेही, उघड, असं म्हटलं नव्हतं.

एवढ्या चितांना शहरात लाकूड पुरेना. तेव्हा सुभानजीने पाणदरवाज्याची दोन्ही दारं उतरवली, कुऱ्हाडीने फोडली आणि ती त्या बायकांच्या चितांवर रचली. पुन्हा तिथे दार बसवू दिलं नाही. किल्लेदाराची माणसं आली तेव्हा आळीतले सगळे पुरुष आडवे झाले, म्हणे, आणि माणसं परत गेली.

तेराव्याला सुभानजीची आई त्या मोकळ्या कमानीत उभी राहिली. आळी जमली होती. म्हातारी म्हणाली, "माझी सून मेली ती पाण्यानं न्हाई. तिच्या तोंडून नवऱ्याला आपलं नाव कधी सुटं ऐकूच आलं नव्हतं, म्हणून मेली. आता या आळीतली बाई नवऱ्याला नावानं हाक मारील. रोज मारील, चारचौघांत मारील, म्हणजे तिच्या तोंडचं आपलं नाव त्याच्या कानाला ओळखीचं राहील. आणि हाक आली की पुरुषानं कोण म्हणून विचारायचं न्हाई. ओ द्यायची अन् दार उघडायचं."

एवढं बोलून ती वळली आणि सगळ्यांसमोर तिने आपल्या नवऱ्याला, सुभानजीच्या म्हाताऱ्या बापाला, जन्मात पहिल्यांदा नावाने हाक मारली. म्हातारा रडत रडत 'ओ' म्हणाला.

जनार्दनरावांनी घसा साफ केला. "पण आवाज," ते म्हणाले. "इतकी वर्षं एका घरात राहून त्याला बायकोचा आवाज ओळखता आला नाही?"

"आवाज ओळखला व्हता की," द्वारकाबाई म्हणाल्या. "म्हणून तर हात अडसरावर गेला. नाव ओळखलं न्हाई."



सुभानजी पुढे बरीच वर्षं जगला. राखणदारी त्याने सोडली नाही, फक्त राखायला दार नव्हतं. दिवेलागणीला तो कमानीच्या आत उंबऱ्याशी उभा राहायचा आणि आईला म्हणायचा, बाहेर जा आणि मला हाक मार. ती बोळात उतरून हाक मारायची, तो आतून ओ द्यायचा. आई गेल्यावर आळीतली सगळ्यांत थोरली बाई ते करू लागली. तो मेला त्या संध्याकाळी बायकांना प्रश्न पडला, आता हाक मारायची की नाही? एकजण म्हणाली, त्यानं ओ दिली नाही म्हणूनच तर हे सगळं झालं, आता हाक थांबवून कसं चालेल? ती बोळात उतरली आणि तिने हाक मारली.

द्वारकाबाई उठल्या. गोष्ट संपली म्हणून नव्हे, तर दिवे लागत होते म्हणून. त्यांनी पदर खोचला आणि कोणाशी काही न बोलता कमानीकडे चालू लागल्या. आळीतली दारं उघडली. पुरुष बाहेर येऊन उंबऱ्याच्या आत उभे राहू लागले. कोणी बनियनवर, कोणाच्या हातात चहाचा कप, एकजण नुकताच कामावरून आलेला, पाठीला सॅक तशीच. निवृत्तीबुवांना उठायला जनार्दनरावांनी हात दिला आणि तो हात सुटला नाही म्हणून तेही त्यांच्याबरोबर त्या घोळक्यात जाऊन उभे राहिले. बायका मागे राहिल्या. कुमुदिनीबाई मानसीचा दंड धरून उभ्या होत्या.

द्वारकाबाई कमानीतून बाहेर गेल्या. उतारावर थोडं खाली गेल्या आणि त्या भिंतींमधल्या अंधारात दिसेनाशा झाल्या. सगळं शांत झालं. खालून नदीचा बारीक आवाज येत होता.

मग हाक आली. मघाशी गोष्ट सांगताना जो आवाज एकदाही चढला नव्हता, तो आता असा फुटून आला की रेवा दचकून आजीला बिलगली.

"सुभानजी! दार उघड!"

"आलो!" सगळे पुरुष एकदम म्हणाले. "आलो गं! आलो!"

त्या आवाजांत कुमुदिनीबाईंना एक आवाज वेगळा ऐकू आला. थोडा बसका, कापरा. जनार्दनराव ओरडत होते. उंबऱ्याकडे दोन पावलं पुढे गेले होते ते, आणि हात असा पुढे केला होता, की जणू तिथे खरंच काही उपसायचं आहे. कुमुदिनीबाईंना हुंदका आवरला नाही.

द्वारकाबाई अंधारातून वर आल्या. पुरुषांनी दोन्ही बाजूंना सरून त्यांना वाट दिली आणि त्या आत आल्या.

आजही भद्रनेरला पाणदरवाज्याच्या आत दिवे लागले, की बोळातून ती हाक येते. आळीतले सगळे पुरुष ओ देतात. हाक कोणाची आहे हे त्यांना ठाऊक असतं, नसतं, पण आतून 'कोण?' असं कोणी विचारत नाही.